येलहंक्याचं भोग्य घर

मी आयुष्यात एकच घर विकत घेतलं, आणि तेही विकत घेतलेलं नव्हतं.

यात वेदान्त काही नाही. व्यवहार स्टॅम्पपेपरवर झाला, खाली माझी सही आहे, आणि सही इतकी वळणदार आहे की कागद लिहिणाऱ्यानं ती चष्मा पुसून दोनदा पाहिली. चूक सहीत नव्हती. सहीच्या वरच्या भागात होती, म्हणजे जो भाग मी वाचला नाही तिथे.

भाषावार नवीन राज्य झालं, बेळगाव त्यात गेलं, आणि तिथल्या महसूल कचेरीतून माझी बदली थेट बंगळूरला झाली. वर्षभरात लग्नही झालं. सासुरवाडी बंगळुरातल्याच चामराजपेटेतली, आणि मराठी; पण कशी मराठी, तर यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि परत जायचं विसरले. तेव्हापासून त्यांच्या मराठीत कानडी मुरत आलेलं. माझे सासरे, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणे, "स्वल्प बसा" म्हणून खुर्ची देत, "सरी" म्हणून विषय संपवत आणि "परवागिल्ला" म्हणून माणूस संपवत. (स्वल्प म्हणजे 'जरा', सरी म्हणजे 'ठीक', परवागिल्ला म्हणजे 'हरकत नाही'. पण अण्णांच्या तोंडी त्याचा अर्थ 'तुमच्याकडून एवढीच अपेक्षा होती' असा होई.)

मी त्यांचं मराठी सुधारत असे. त्यांनी माझं कानडी सुधारायची तयारी दाखवली होती, पण मी नाही म्हटलं. बेळगावचा माणूस जन्मतःच दुभाषी असतो अशी बंगळुरात समजूत होती, आणि ती मीच पसरवली होती. खरं सांगायचं तर माझं कानडी दोन खांबांवर उभं होतं: 'हौद्री' आणि 'इल्लरी'. हो आणि नाही. मधली जागा मी हातवाऱ्यांनी भरत असे.

जागेची टंचाई म्हणून माझी बायको सरू आणि मी अण्णांच्याच घरामागच्या दोन खोल्यांत राहत होतो. भाडं ते घेत नसत. घेतलं असतं तर फार बरं झालं असतं. त्याऐवजी पाहुणा आला की ते ओळख करून देत, "हे आमचे जावईबापू. मागचे भाडेकरू." पाहुणा हसला की पुढे, "भाडं देत नाहीत. परवागिल्ला."

हे मी दोन वर्षं ऐकलं. तिसऱ्या वर्षी ठरवलं की घर घ्यायचं, आणि अण्णांना एका शब्दानं न विचारता घ्यायचं.

"स्वल्प विचारा की त्यांना," सरू म्हणाली. "त्यांना इथलं सगळं ठाऊक."

"त्यांना विचारायचं असेल तर घर कशाला घ्यायचं? इथेच राहू."

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर निपाणीचा हणमंतराव बसे. घरांतलं त्याला फार कळत असे. त्याच्या मामानं निपाणीत तंबाखूची वखार बांधली होती. ती पडली तेव्हा हणमंतराव स्वतः हजर होता. ज्यानं घर पडताना पाहिलंय त्यालाच ते उभं कसं राहतं हे कळतं, असं त्याचं म्हणणं. त्यानं मला मार्ग सांगितला.

"चांगलं घर गाढवही घेतो. आपण पडकं घ्यायचं. मालक अडचणीत असला पाहिजे. स्वस्तात घ्यायचं, डागडुजी करायची, भाड्यानं द्यायचं. त्या भाड्यातून दुसरं पडकं."

"आणि पुढे?"

"पुढे तिसरं."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही डब्याच्या झाकणावर हिशेब मांडला. चटणी संपेपर्यंत निम्मं येलहंका माझं झालं होतं. येलहंकाच का, तर तिकडे विमानवाल्यांची वस्ती वाढणार असं कचेरीत सगळे म्हणत होते. येलहंका त्या काळी बंगळूरपासून इतकं लांब होतं की तिथला माणूस शहरात यायचा तो दशमी बांधून. पण विमानवाल्यांना अंतराचं काय!

अडचणीतला मालकही सापडला. नंजुंडय्या नावाचे निवृत्त शाळामास्तर. मुलीचं लग्न ठरलेलं, हातात पैसा नाही, आणि वडिलांचं एक घर कैक वर्षं बंद पडलेलं. ते स्वतः शेजारी भावाकडे राहत. त्यांना कानडीखेरीज एक भाषा येत नव्हती, पण कानडीही ते इतक्या अदबीनं बोलत की अर्थ कळला नाही तरी मान हलवाविशी वाटे.

"मने भोग्यक्के कोड्तीनि, स्वामी," ते म्हणाले.

मने म्हणजे घर. कोड्तीनि म्हणजे देतो. राहता राहिला 'भोग्य'. तर बेळगावला माझी नऊ वर्षं जमिनीच्या उताऱ्यांत गेली होती. आमच्या कागदांत जमीन ज्याच्या ताब्यात त्याला भोगवटादार म्हणत. सारा तो भरतो, बांधावरून भांडतो तो, विकतो तो. म्हणजे जवळजवळ मालकच. भोग्य, भोगवटा, भोगवटादार! नऊ वर्षांची नोकरी एका क्षणात फळाला आली. विकण्याला कानडीत 'मारोदु' म्हणतात हे मला ठाऊक होतं. बाजारात बायका भाजी मारतच असत. पण घर म्हणजे वांगी नव्हेत. एवढ्या मोठ्या वस्तूला मोठाच संस्कृत शब्द लागत असणार.

"हौद्री," मी म्हणालो.

त्यांनी रक्कम सांगितली. ती ऐकून हणमंतरावनं माझ्या पायावर पाय दिला. इतक्या पैशांत बेळगावला न्हाणीघरसुद्धा आलं नसतं. मग मास्तरांनी तीन बोटं उभी केली. "मूरु वर्ष आरामागि इरि."

तीन वर्षं आरामात राहा. मी चपापलो आणि हणमंतरावला बाजूला घेतलं. (त्याचं कानडी माझ्याहून कच्चं. त्याला फक्त 'हौद्री' येई.)

"हा म्हणतोय घर तीन वर्षं टिकेल."

"स्वतःच्या तोंडानं?"

"बोटं दाखवून."

हणमंतराव गहिवरला. "असा प्रामाणिक मालक जन्मात पाहिला नाही. आमच्या मामानं वखार शंभर वर्षं टिकेल म्हणून सांगितलं होतं. तीन तर तीन. चौथ्या वर्षापासूनचं आयुष्य आपण घालू. पण आता परीक्षा कडक करायची."

मग परीक्षेला सुरुवात झाली. बाहेरून घर बरं होतं. म्हणजे बाहेरच्या भिंती बाहेरच होत्या. आतल्यांचं तसं नव्हतं. माजघराची भिंत स्वयंपाकघराकडे इतकी कलली होती की जणू चुलीवर काय शिजतंय ते विचारतेय. एका कोपऱ्यात पिंपळ उगवला होता आणि त्याची वाढ घरापेक्षा जोमात होती. कौलं मंगळुरी, पण निम्मीच. उरलेल्या ठिकाणी आकाश, आणि तेच काय ते न गळणारं. हणमंतराव म्हणाला, लाकूड नाण्यानं वाजवून बघ. मी खिशातली अधेली काढून दाराच्या चौकटीवर वाजवली. आवाज आला नाही. अधेली परतही आली नाही. वाळवीनं आत सगळं पोकळ केलेलं, ती सरळ आत गेली आणि खाली कुठेतरी टप्प वाजली. त्या घरात मी गुंतवलेला हा पहिला पैसा.

"आता जमिनीचा उतार," हणमंतरावनं पिशवीतून लिंबू काढलं. "कारागीर लोक पाण्याची नळी वापरतात. पण लिंबू खोटं बोलत नाही."

त्यानं लिंबू देवघरात ठेवलं. ते क्षणभर थांबलं, विचार केला, आणि निघालं. माजघर, स्वयंपाकघर, मागचं दार, अंगण, आणि तिथून सरळ विहिरीत. डुबुक. आम्ही दुसरं टाकलं. त्यानं तोच रस्ता धरला. तिसरं पुढच्या खोलीतून सोडलं तर ते वळण घेऊन पहिल्या दोघांच्या वाटेला लागलं. आम्ही त्यामागे ओणवे होऊन धावत होतो, आणि मी मोठ्यानं खोल्या मोजत होतो, "ओंदु, एरडु, मूरु..."

मान वर केली तर कुंपणापाशी अर्धी गल्ली उभी. दोन परके पुरुष, बंद घर, तोंडानं आकडे, आणि एकामागून एक लिंबू विहिरीत. त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला. एका म्हातारीनं तिथल्या तिथे आपल्या नातवाची दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशीपासून त्या विहिरीला कुणी शिवेना, आणि घरात करणी झाल्याची बातमी आठवड्यात बसच्या थांब्यापर्यंत पोचली. दुसरं एक गिऱ्हाईक येणार होतं, ते आलंच नाही. बिचाऱ्या मास्तरांनी रक्कम आणखी उतरवली.

"बघितलंस?" मी हणमंतरावला म्हणालो. "याला घासाघीस म्हणतात."

कागद झाला. लिहिणाऱ्यानं तो एका दमात वाचून दाखवला. त्यात 'भोग्य' चार वेळा आलं आणि चारही वेळा मी "हौद्री" म्हणालो. मास्तरांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "निम्म मने अंत तिळ्कोळ्ळि." आपलंच घर समजा. मला भरून आलं. 'समजा' या शब्दाकडे लक्ष द्यायला हवं होतं, पण भरून आल्यावर माणूस व्याकरण बघत नाही.

सगळी पुंजी रकमेत गेली. डागडुजीला काही उरलं नाही. तेव्हा सरूच्या हातांतल्या पाटल्यांकडे माझं लक्ष गेलं. खरं तर गेलं नाही. ते आधीपासून तिथेच होतं.

"ह्या आईच्या आहेत," ती म्हणाली. तिची आई आमच्या लग्नाआधीच गेली होती. "परत येतील ना?"

"वर्षाच्या भाड्यात दुप्पट वजनाच्या करतो."

"दुप्पट नकोत. ह्याच वजनाच्या चालतील," असं म्हणून तिनं त्या काढून दिल्या. निघताना त्या अडल्या. तिनं हाताला साबण लावला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्या पाटल्यांतून मी घर उभं केलं. चौथ्या वर्षापासूनचं आयुष्य! वाळवीच्या चौकटी काढून होन्नीच्या, म्हणजे तिकडच्या टिकाऊ लाकडाच्या, बसवल्या. (अधेली सापडली नाही. वाळवीनं तीही खाल्ली असावी.) भिंत सरळ केली, पिंपळाची मुळं काढली, छप्पर नव्यानं शाकारलं, जमिनीवर दगडी फरशी इतकी सपाट बसवली की लिंबू ठेवलं तर जागच्या जागी वाळून जावं. मास्तर रोज कुंपणापाशी येऊन बघत. पहिल्या आठवड्यात चकित, दुसऱ्यात अस्वस्थ, तिसऱ्यात त्यांना राहवेना.

"याके, स्वामी?" कशासाठी एवढं?

"नम्म मने," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. आमचं घर.

त्यांनी मला हात जोडले. मग गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं. करणी करणारा म्हणून जी म्हातारी माझ्यावर दार लावून घेई, ती आता ताक पाठवू लागली. मला वाटलं, विकत घेणाऱ्याचं येलहंक्यात किती कौतुक करतात!

वास्तुशांतीला मी सगळी सासुरवाडी बोलावली. चामराजपेटेतून भरलेली बस आली. अण्णा उतरले, कोट झटकला, घराभोवती एक फेरी मारली, भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "सरी." नुसतं सरी. परवागिल्ला नाही. त्या क्षणी मी मेलो असतो तर सुखानं मेलो असतो, आणि पुढचं सगळं टळलं असतं.

मास्तर नारळ घेऊन आले. अण्णांशेजारी बसले. दोघांचं कानडी सुरू झालं, गोड, तुरुतुरु चालणारं. मी होमापाशी सोवळ्यात. कानावर 'भोग्य' पडलं. परत पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा अण्णांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"जावईबापू, स्वल्प इकडे या."

"होम चालू आहे, अण्णा."

"होमाचंच बोलतोय. हे घर तुम्ही विकत घेतलंत म्हणता. यांनी 'मारतो' म्हटलं होतं का?"

"मारतात ती भाजी, अण्णा," मी समजावून सांगितलं. "घर भोग्याला देतात."

भटजींचा मंत्र मध्येच थांबला.

"भोग्य म्हणजे," अण्णा एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "रक्कम एकदम द्यायची, मुदतभर बिनभाड्यानं राहायचं. मुदत संपली की पैसे परत, घर परत. इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. तुमची मुदत तीन वर्षं."

तीन बोटं माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"म्हणजे मी..."

"भाडेकरू," अण्णा म्हणाले. "स्वल्प मोठा भाडेकरू."

मास्तरांचा चेहरा होमातल्या राखेसारखा झाला. ते कानडीत बोलत राहिले, अण्णांनी मराठी केलं: "म्हणतात, कागदात चार वेळा वाचून दाखवलं, चारही वेळा हे 'हौद्री' म्हणाले. म्हणतात, भोग्याच्या घराची वास्तुशांत करणारा माणूस आमच्या सात पिढ्यांनी पाहिला नाही." हणमंतराव मागच्या दारानं गेला होता, लिंबाच्याच वाटेनं. सरूनं काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. पूर्वी मागे पाटल्या असत, त्यामुळे त्या सरकत नसत.

पैसे लगेच परत मागावे तर ते मास्तरांच्या मुलीच्या लग्नात खर्च झालेले. घर भाड्यानं द्यावं तर कागदात मनाई. (हा भागही मी 'हौद्री' म्हणून मंजूर केला होता.) चामराजपेटेत परत जावं तर कुठल्या तोंडानं? तेव्हा आम्हीच राहायला गेलो. सकाळच्या बसनं कचेरी, संध्याकाळच्या बसनं येलहंका. तीन वर्षं. आणि ते घर, काय सांगू, इतकं सुरेख होतं! जितकं चांगलं, तितकं दुःख मोठं. पाऊस आला की मी वर बघत बसे, एखादं कौल तरी गळेल. गळलं असतं तर मनाला बरं वाटलं असतं. एकही गळलं नाही. चौथ्या वर्षापासूनचं आयुष्य मी घातलं होतं, आणि चौथ्या वर्षी आम्ही तिथे नसणार होतो. सरूच्या हातांकडे मी बघायचं सोडून दिलं होतं. जेवताना ती वाढायला आली की ताटात बघायचो.

मुदत भरत आली तसे मास्तर आले. यावेळी त्यांनी सरूला समोर बसवलं. माझ्याशी कानडी न बोलायची त्यांनी शपथ घेतली होती. रक्कम परत द्यायला पैसे नव्हते. घर विकावंच लागणार होतं. पहिला मान आमचा. सरूनं किंमत विचारली. ती ऐकून मी भिंत धरली. (भक्कम होती.)

"एवढी?"

सरूनं विचारून सांगितलं, "म्हणतात, पूर्वी पडकं होतं. आता होन्नीच्या चौकटी आहेत, दगडी फरशी आहे. येलहंक्यात असं घर नाही. किंमत वाढली."

"ती कुणी वाढवली?"

"तुम्हीच, म्हणतात. फार आभारी आहेत."

त्यांनी मला परत द्यायची रक्कम किमतीत वळती होणार होती, आणि वर लागणारी रक्कम म्हणजे माझीच डागडुजी. ती मला विकत घ्यायची होती आणि ती परवडत नव्हती. त्या रविवारी अण्णा आले. त्यांनी परत एकदा भिंतीवर टकटक केलं, फरशीवर पाय आपटला, मास्तरांशी पाच मिनिटं बोलले आणि उरलेले पैसे भरून व्यवहार केला. यावेळी 'मारतीनि' हा शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकला.

"घर बघायला माणूस लागला नाही," अण्णा मला म्हणाले. "काम जावयानं केलंय, खात्रीचं आहे."

कागद सरूच्या नावावर झाला. "तिच्या आईच्या पाटल्या आहेत ह्या," अण्णा चौकटीवरून हात फिरवत म्हणाले. "स्वल्प जड झाल्या, एवढंच." सरू तेव्हा पहिल्यांदा रडली, आणि मी तिच्या हातांकडे तीन वर्षांनी बघितलं. कागदावर माझीही सही आहे, वळणदार. साक्षीदार म्हणून.

महिन्याभरानं घरांची नोंद करणारा कारकून दारात आला. मालक कोण विचारलं. सरू पुढे झाली. मग त्यानं लेखणी माझ्याकडे वळवली. आणि तुम्ही कोण? एवढा प्रश्न मला कानडीत समजू लागला होता. महसुलातला जुना माणूस मी, ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "भोगवटादार."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, सरूकडे पाहिलं, आणि कानडीत एक शब्द लिहून काहीतरी विचारलं.

"हौद्री," मी म्हणालो आणि सही केली.

तो गेल्यावर सरूनं कागदाची प्रत उजेडात धरून वाचली. "अहो, काय लिहिलंय बघितलंत का?"

"काय?"

"भाडेकरू," ती म्हणाली. "परवागिल्ला."